धुतलेलं बदक

बायको चार दिवस बहिणीकडे गेली आणि जाताना लाँड्रीवाल्याला एकच गोष्ट बजावून गेली: बदकाला जपा. हा लाँड्रीवाला म्हणजे अस्मादिकच. पण पुढे जे झालं त्यात 'मी' म्हणून मिरवण्यासारखं काही नाही, तेव्हा त्याला लाँड्रीवालाच म्हणू.

बदक म्हणजे बायकोचा जीव की प्राण. मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून ती त्याच्याशीच गप्पा मारते, कारण नवरा घरी आला की फक्त लोकांच्या कॉलरींबद्दल बोलतो. चौथ्या दिवशी दुपारी बदक चिखलात यथेच्छ लोळून आलं. संध्याकाळी बायको येणार. तीस वर्षं गावाचे डाग काढणाऱ्याच्या घरात हे असलं ध्यान? त्यानं दुकानातला तेलकट डागांचा साबण आणला आणि बदक तीनदा धुतलं. असं शुभ्र निघालं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग खळबळून काढायला त्यानं ते स्वच्छ पाण्याच्या टबात सोडलं.

बदक आधी तरंगलं. मग जरा खाली गेलं. मग पाठ दिसेनाशी झाली आणि वर नुसती मान उरली, तीही त्याच्याकडे बघत.

त्यानं ते ओलंगच्च बदक उचलून छातीशी धरलं आणि जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला.

"अहो, आमचं बदक बुडालंय."

पलीकडच्या बाईनं खात्री करून घेतली. "बदक?"

हसू दाबत का होईना, तिनं ताबडतोब घेऊन यायला सांगितलं. रिक्षात बदक कुडकुडत होतं, डोळे मिटत होतं. आता बायकोला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं लाँड्रीवाल्याला खरोखर रडू आलं.

डॉक्टरीणबाईंनी बदक गरम दिव्याखाली ठेवलं आणि कशानं धुतलंत, असं विचारलं. या गाढवानं सवयीनं, अगदी अभिमानानं, साबणाच्या तिसऱ्या हातापर्यंत सगळी पद्धत समजावून सांगितली.

"पिसांवर तेल असतं हो त्याच्या," बाई म्हणाल्या. "त्याच्या जोरावरच ते तरंगतं. तुम्ही तेच काढलंत."

"म्हणजे तो डाग नव्हता," लाँड्रीवाला पुटपुटला.

तासाभरानं बदकानं डोळे उघडले आणि त्याचं बोट चावलं. धोका टळला, असं बाईंनी सांगितलं. आता उबेत ठेवायचं, पूर्ण वाळवायचं आणि तेल परत चढेपर्यंत पाण्यात सोडायचं नाही.

बायको आली तेव्हा तो जमिनीवर बसून बदकाच्या पाठीवर हेअर ड्रायर फिरवत होता. तीन थापा तयार होत्या. ऐन वेळी एकही तोंडातून निघेना. शेवटी मान खाली घालून त्यानं सगळं खरं सांगून टाकलं.

बायकोनं पिशवी ठेवली, शेजारी बसली आणि त्याच्या हातातला ड्रायर घेतला.

"आधी पोटाकडून वाळवायचं. पाणी तिथंच धरून बसतं."

"तुला कसं माहीत?"

"मागच्या वर्षी मी याला शाम्पूनं न्हाऊ घातलं होतं. असंच बुडालं. तुम्हाला बोलले नाही. म्हटलं, शाम्पू चुकीचा निवडला म्हणून जन्मभर ऐकवाल."

कुठला शाम्पू, असं विचारायला लाँड्रीवाल्यानं तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न बोलता मिटलं.