सत्तेचाळिसावा तास

सोमवारी सकाळी अतिदक्षता विभागातल्या चार रुग्णांच्या रक्तात एकच जंतू सापडला. रुग्णालयाच्या दृष्टीने यात जंतूची काही चूक नव्हती. चूक तो शोधून काढणाऱ्या बाईंची होती.

बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. सगळं रुग्णालय पाठीमागे त्यांना जंतूबाई म्हणे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. एखाद्याच्याच रक्तात हा जंतू निघाला असता, तर त्याचं नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण चौघांचाही जंतू एकाच वळणाचा, सोळा औषधांपैकी पंधरांना भीक न घालणारा. चार अनोळखी माणसं घरून एकच जंतू घेऊन येत नसतात. तो याच छपराखाली कुठेतरी वाटला जात होता.

बाई कापसाच्या काड्या घेऊन विभागात शिरल्या. नळ, खाटांचे कठडे, सिस्टरांचे हात, काही म्हणता काही सोडलं नाही. दोन दिवसांनी चोर सापडला, तो सोनोग्राफीच्या जेलीच्या बाटलीत. मानेतली शीर शोधताना ही जेली चोपडत आणि तिथेच सुई घालत. बाटली रिकामी होत आली की न धुता मोठ्या डब्यातून पुन्हा भरत.

"किती वर्षं वापरताय ही?" बाईंनी विचारलं.

"मी नोकरीला लागले तेव्हा हीच होती," निवृत्तीला आलेली सिस्टर म्हणाली.

बाई अहवाल घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षक त्या महिन्यात 'शून्य संसर्ग' प्रमाणपत्राच्या तयारीत होते.

"जंतू आपला की बाहेरचा?" त्यांनी विचारलं.

"दाखल झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांनी संसर्ग दिसला, तर तो रुग्णालयाचा धरतात, साहेब. या चौघांना येऊन आठवडा झालाय."

"म्हणजे अडचण जंतूची नाही, तासांची आहे!" अधीक्षकांचा चेहरा उजळला.

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. प्रत्येक रुग्णास सत्तेचाळिसाव्या तासाला घरी सोडण्यात यावे व तात्काळ नव्याने दाखल करून घेण्यात यावे. या प्रक्रियेत रुग्णास हलवण्याची आवश्यकता नाही.

त्या चौघांपैकी एक, शाळेतले गणिताचे मास्तर, सहा नंबरच्या खाटेवर होते. त्यांच्या बायकोपुढे कारकुनाने कागद सरकवला.

"इथे सही करा. प्रकृती सुधारल्यामुळे घरी सोडलं."

"अहो, पण त्यांच्या तोंडात अजून नळी आहे! आणि ते तर इथेच आहेत!"

"ते शरीराचं झालं, ताई. मी कागदाचं बोलतोय. आणि ही दुसरी सही, पुन्हा दाखल केल्याची."

तिने दोन्ही सह्या केल्या. नवरा आत असताना कोण हुज्जत घालतं?

आता मास्तर नवे रुग्ण झाले. नवा रुग्ण म्हटल्यावर नियमाप्रमाणे औषधंही पहिल्यापासून. जे एक औषध त्या जंतूवर चालत होतं, त्याला प्रयोगशाळेचा अहवाल लागे, आणि अहवाल तर आधीच्या, बरं होऊन घरी गेलेल्या मास्तरांचा होता. बाई स्वतः रक्ताचा नवा नमुना घ्यायला धावल्या, तेवढ्यात दुसरं परिपत्रक आलं: नमुना पाठवण्यापूर्वी त्यात जंतू नसल्याची खात्री करून घ्यावी. ती खात्री देणार कोण? प्रयोगशाळेकडे नमुने येणं बंद झालं.

"निदान ती बाटली तरी फेका," बाई अधीक्षकांना काकुळतीने म्हणाल्या.

"बाटलीसाठी समिती नेमलीय. बाटली हा पुरावा आहे. जागची हलवायची नाही."

"वापरतात हो ती अजून! संपेपर्यंत वापरतील!"

"संपली तर पुरावा नष्ट होईल," अधीक्षक विचारात पडले. "बरं झालं आठवण केलीत. रोज भरून ठेवायला सांगतो."

पुढच्या गुरुवारी मास्तर गेले. कागदोपत्री ती त्यांची चौथी भरती होती. मृत्यूचं कारण म्हणून हृदय बंद पडल्याचं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं; मेलेल्या माणसाचं हृदय बंदच असतं. बाईंनी त्यांच्या बायकोला कोपऱ्यात नेऊन सगळं खरं सांगितलं. तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मला वाटलं, घरी सोडलं म्हणतायत म्हणजे खरंच थोडं बरं असेल."

त्या दुपारी बाई सरळ विभागात गेल्या, बाटली उचलली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून पिशवीचं तोंड आवळलं. पुढच्या तीन आठवड्यांत एकालाही तशा लागणीची लक्षणं दिसली नाहीत. समितीने निष्कर्ष काढला की समिती नेमण्याचा सुपरिणाम दिसून आला. प्रमाणपत्र मिळालं. बाईंकडून पुरावा नष्ट केल्याबद्दल खुलासा मागण्यात आला. त्यांनी खुलाशाऐवजी राजीनामा दिला.

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा इस्पितळाने त्यांना घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ मनाच्या. दोघींनी मिळून प्रत्येक संशयित नमुना तपासायचा, बाटल्या एकदाच वापरायच्या आणि खरा आकडा दाराशी लावायचा असं ठरवलं. पहिल्या महिन्याची पाटी लागली: 'येथे झालेले संसर्ग: तीन. सापडले, उपचार झाले, तिघेही बरे.' लोक येत, पाटी वाचत, आणि आल्या पावली परत जात.

मग एके दिवशी बाईंचा थोरला भाऊ आला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"आईला इथेच आण, दादा. मी आहे ना."

दादाने पाटी दोनदा वाचली.

"तू आहेस गं, पण तीन म्हणजे... तिकडे शून्य आहे. मी कालच नाव घालून आलोय."

"अरे, तिकडचं शून्य कसं होतं ते तुला मी सांगितलं होतं ना!"

"सांगितलंस गं. पण आईचा प्रश्न आहे. उगाच धोका कशाला?"

दादा काही मूर्ख नाही, आईवर त्याचा जीव आहे. तुमच्याआमच्यासारखाच आहे तो. खरं सांगणारा डॉक्टर भेटला की आपणही दुसरा डॉक्टर शोधतो.