धाकोजी गुरवांच्या कौलाची आणि तांबडे तळे उपसल्याची हकीकत

पृथ्वीच्या पोटी जे दडले त्यास नमन, आणि जे उपसून, सत्त्व काढून, पुन्हा तिच्याच माथी ओतले त्यासही नमन असो. शके एकोणीसशें तेहेतीस, खरनाम संवत्सर, फाल्गुनमास, ते समयी राज्यात तांबडे तळे उपसावे ऐसा हुकूम जाहला, त्याची हकीकत ऐसी जे, राज्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, बॉक्साइटाचा दगड विपुल. तो कुटून दाहक खारात शिजवावा, त्यातून पांढरी भुकटी काढावी आणि भुकटीचे ॲल्युमिनियम करावे, ऐसा कारखाना सरकारांनी थाटिला. भुकटी निघाली की मागे तांबडा चिखल राहे, आणि तो काही थोडाथोडका नव्हे. मग तो ठेवावा कोठे? म्हणोन सड्याखालचे कुसरोळी गाव उठविले आणि त्या खोलगटात चिखल ओतू लागले, तेच तांबडे तळे. गावकरी मुकाट्याने उठले, एक धाकोजी गुरव तेवढे उठले नाहीत. त्यांनी ग्रामदेवाच्या पाषाणास ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या लावून कौल घेतला, उजवी पडली तर जावे, डावी पडली तर राहावे, आणि बाहेर येऊन सांगितले की डावी पडली. गाभाऱ्यात दुसरे कोणी नव्हते. मग त्यांची बायको चिमाबाई दोन लेकी घेऊन गावाबाहेर पडली, आणि गुरव देवळात बसले, आणि चिखल आला. बावीस वर्षे लोटली.

पुढे रसायनपंडित नारो महादेव यांनी हुजुरास अर्ज केला की, टाकलेल्या चिखलात लोखंड आहे, टायटॅनियम आहे, आणि स्कँडियम नामे एक धातू आहे, तो बाजारी सोन्याहून दुर्मिळ आणि विमानाच्या सांगाड्यास फार गुणकारी. चिखल आम्लात विरघळवावा आणि तो गाळून घ्यावा. सरकार संतुष्ट जाहले आणि कामावर विसाजीपंत कारभारी नेमिले. पंतांची उभी हयात धान्याच्या कोठारावर गेलेली. कोठाराचा नेम, जुने आधी काढावे. त्यांनी तोच नेम चिखलास लाविला. पंडितांनी विनविले की वरचा चिखल हाताशी आहे, तो घ्यावा. पंत म्हणाले, "वरचे नवे आधी काढणारा कारभारी मी पाहिलेला नाही." मग कडेने चर मारून तळचा जुना चिखल काढू लागले, आणि सतराव्या दिवशी चर कुसरोळीत शिरला.

गाव जागच्या जागी होते. कौले तांबडी, जाती तांबडी, दांडीवर वाळत घातलेले धोतर ताठ आणि तांबडे. मजूर एकमेकांशी हळू बोलू लागले. घरात शिरताना गमबूट उंबऱ्याबाहेर काढू लागले. तसे करावे ऐसे कोणी सांगितले नव्हते, आणि खाराने तळवे सोलवटत होते, तरी काढीत. मग देऊळ लागले, आणि पाषाणाजवळ धाकोजी गुरव मांडी घालून बसलेले आढळले. खारात मांस टिकत नाही ऐसे शास्त्र आहे, परंतु टिकले होते. पंडितांनी शास्त्रार्थ न करिता त्यांच्या उपरण्याची चिमूटभर खरवड तपासली, तो स्कँडियम चिखलाच्या चाळीसपट. पाझरून पाझरून सगळे सत्त्व तेथे गोळा जाहले होते.

ही वार्ता लागताच चिमाबाई कोरे धोतर घेऊन आली आणि म्हणाली, "माझा माणूस हाय त्यो. मला अग्नी द्यायचाय." पंतांपुढे पेच पडला, की तळ्यातून निघते ते सरकारचे खनिज, आणि हे खनिज तर कोणाचा नवरा. हुजुरास लिहिले, हुजुराकडून उत्तर आले की स्थानिक रिवाजाप्रमाणे करावे. स्थानिक रिवाज म्हणजे कौल. आता कौल गुरवाने लावावा, आणि गुरव हजर होते परंतु हात हलवीत नव्हते. सबब त्यांच्या बायकोने लावावा ऐसे ठरले, आणि पंतांनी प्रश्न कागदावर लिहून दिला की, धाकोजी सरकारचे असल्यास उजवी पडावी, बायकोचे असल्यास डावी.

दोन प्रहरी सर्व जमा जाहले. वारा नव्हता, पंडितांनी यंत्र लावून पाहिले. चिमाबाईने पाषाण पुसला, दोन पाकळ्या लावल्या, आणि पंतांचा कागद घडी करून बाजूस ठेविला. मग देवाकडे पाहून म्हणाली, "देवा, बावीस वर्सांमागं ह्यांस्नी तू खरंच डावा कौल दिला हुतास का? दिला असलास तर उजवी दे. न्हाई तर डावी."

पंत म्हणाले, "बाई, प्रश्न हा नव्हे." बाईंनी ऐकिले नाही. बराच वेळ काही जाहले नाही, मजूर उंबऱ्याबाहेर अनवाणी उभे होते, आणि मग डावी पाकळी सुटली आणि गुरवांच्या मांडीवर पडली.

चिमाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग गुरवांस म्हणाली, "लेकींना सांगत आले, देवानं ठेवून घेतलं म्हनून. धाकटी अजून उपास करती तुमच्या नावानं." तिने कोरे धोतर खांद्यावर टाकिले आणि पंतांस म्हणाली, "न्या ह्यांना. कुठं न्यायचं तिथं न्या." आणि चरातून चढून गेली, मागे वळून पाहिले नाही.

दुसरे दिवशी गुरवांस उचलावयास गेले, तो बावीस वर्षे देवाकडे असलेले तोंड दाराकडे फिरलेले. पंडितांनी नोंद केली की उन्हाने चिखल आखडतो. देवळात ऊन येत नाही, ही नोंद कोणी केली नाही. मग गुरवांस हौदात नेले आणि आम्ल सोडिले.

येकंदर हकीकत एवढी की, धाकोजी गुरवांपासून स्कँडियम सव्वादोन तोळे प्राप्त जाहला, तो एका विमानाच्या सांगाड्यात पडला आणि ते विमान उडते. देवाचा पाषाणही तपासिला, त्यात काही निघाले नाही, म्हणोन तो होता तेथेच ठेवून उरला चिखल परत त्यावर ओतिला. सरकारच्या प्रश्नास कौल मिळाला नाही, परंतु काम अडले नाही.