गिधाडाला न सांगण्याची गोष्ट

एका जंगलात एक दवाखाना होता. जंगलात दवाखाना कुठून आला, असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या गावातला कुठे गेला, असं मी विचारतो का?

दवाखाना टेकडीवर होता आणि आजारी पडणारे सगळे दरीच्या पलीकडे राहत. कुणाचा पाय मोडला, कुणाला साप चावला, की त्याला रेड्याच्या पाठीवर घालून आणत. रेडा वाटेत चरत चरत यायचा. तोवर रुग्ण एक तर आपोआप बरा झालेला असे, नाही तर त्याला बरं व्हायची गरज उरलेली नसे.

दवाखान्याच्या डॉक्टर होत्या अस्वलीणबाई. अंगाने दणकट आणि हाताला हलक्या. त्यांनी ठरवलं, रुग्ण उडवत आणायचा. पण उचलणार कोण? मोर म्हणाला, माझा पिसारा मळेल. गरुड म्हणाला, मी वरच्या हवेतला, असल्या कामाला खाली येत नाही. बगळा ध्यानाला बसला होता, तो उठलाच नाही.

उरलं गिधाड. त्याचं नाव दगडूअण्णा. पंख पसरले की अर्धं अंगण झाकलं जायचं. तो दिसायला भीतिदायक होता आणि तोंडाने फटकळ होता. पण काम अंगावर घेण्याआधी त्याने बाईंना एक अट घातली.

"बाई, म्या उचलीन. पर आजारी कोन हाय आन् किती आजारी हाय, ते मला सांगू नका."

"का रे बाबा?"

अण्णाने मान खाली घातली. "आमचं खानदान तुमाला ठावं हाय. कुनी म्हनलं, ह्यो आता जातोय, की माज्या तोंडाला पानी सुटतं. मनात तसं काय नसतंय वो. पोटाचं काय करू?"

बाईंना हे ऐकून बरं वाटलं. स्वतःच्या पोटाबद्दल इतकं खरं बोलणारा त्यांना जंगलात दुसरा भेटला नव्हता. त्यांनी अट मान्य केली.

अण्णाबरोबर आणखी तिघी होत्या. टिटवीताई निरोप घ्यायच्या. त्यांचा आवाज दरीच्या पलीकडे जायचा आणि पलीकडचा त्यांना ऐकू यायचा. झिपरी नावाची खार रुग्णाच्या झोळीचे दोर तपासायची आणि गाठी मारायची. आणि रुग्णाला जागेवरच टोचायला साळिंदर सिस्टर होत्या. सुयांचा प्रश्न नव्हता. सुया घरच्याच होत्या.

बाईंनी चौघांना आणखी एक नियम घालून दिला होता. चौघांपैकी एकाने जरी 'नाही' म्हटलं, तरी उड्डाण नाही. का नाही, हे मागाहून विचारायचं.

काम असं चालायचं. टिटवीताई ओरडायच्या, "पिंपळडोहापाशी! वजन एका रानडुकराएवढं! वारा मावळतीचा!"

"जमंल," अण्णा म्हणायचा.

"नाही!" झिपरी किंचाळायची. "दोर ओला आहे!"

"मग काल वाळत का नाही घातलास, भवाने?" सिस्टर फिस्कारायच्या.

"काल तुम्हीच त्यावर पट्ट्या वाळत घातल्या होत्या!"

भांडत भांडत दोर बदलला जायचा आणि भांडत भांडत झोळी आकाशात चढायची. एकजूट म्हणजे एकमेकांशी गोड बोलणं, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. या चौघांना शाळेत कुणी घातलं नव्हतं. तीन वर्षं झाली. एकही रुग्ण वाटेत पडला नाही. एकही खाल्ला गेला नाही. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती, हे फक्त अण्णाला माहीत होतं.

मुलांनो, एखादं काम नीट चाललं की ते दरबारात कळतंच. मग ते सुधारावं लागतं.

सिंहमहाराजांच्या दरबारी प्रबोधराव नावाचा कोल्हा होता. त्याने जन्मात कुठल्या कामाला हात लावला नव्हता. त्यामुळे काम कसं करावं, हे तो कुणालाही शिकवू शकत असे. महाराजांनी त्याला टेकडीवर पाठवलं.

प्रबोधरावांनी तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. पहिल्या दिवशी 'संघभावनेचे सात पैलू' यावर भाषण झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांचे गुण सांगायचे होते, त्याला फार वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी विश्वासाचा खेळ होता. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं. झिपरी डोळे मिटून मागे पडली. झेलायला सिस्टर उभ्या होत्या.

त्यानंतर झिपरी चार दिवस पालथी झोपत होती.

शेवटी प्रबोधरावांना अण्णाची अट कळली. ते दचकलेच.

"म्हणजे सहकारी एकमेकांपासून माहिती लपवतात? आणि तेही नियम करून?"

"लपवत न्हाई, साहेब," अण्णा म्हणाला. "मीच सांगू नका म्हनलंय."

"दगडूजी, हा तुमच्यावरचा अविश्वास आहे. तुमचा अपमान आहे हा!"

"माजा कसा अपमान? माजा इस्वास माज्यावर न्हाई."

"साहेब, राहू द्या ना," अस्वलीणबाई म्हणाल्या. "तीन वर्षं नीट चाललंय."

"नीट चाललंय, पण पारदर्शक नाही," प्रबोधराव म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे फलक लिहवून घेतला : यापुढे सर्वांनी सर्वांना सर्व काही सांगावे. मोठ्याने सांगावे. सांगितलेले वहीत लिहावे.

अण्णाने फलक दोनदा वाचला. त्याला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत कुणी त्याला गिधाड म्हणून हिणवलं नव्हतं, आणि हा गृहस्थ त्याला माणसात बसवायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबोधरावांनी चौघांना टेकडीच्या कडेला एका ओळीत उभं केलं. अहवालात वर्णन घालायचं होतं. चौघं एका नजरेत मावावेत म्हणून ते मागे सरकले. अण्णाचे पंख मावेनात. ते आणखी मागे सरकले.

"साहेब, नाही!" झिपरी ओरडली.

"नकारात्मक बोलू नका," प्रबोधराव म्हणाले आणि दरीत पडले.

अगदी तळाला नाही गेले. निम्म्यावर एक कपार होती, तिथे बोरीच्या झुडपात अडकले. टिटवीताई झेपावल्या, घिरटी घालून परत आल्या आणि नव्या नियमाप्रमाणे मोठ्याने सांगू लागल्या.

"रुग्ण प्रबोधराव कोल्हा! मागचा पाय मोडलाय! रक्त थांबत नाही! फार तर घटकाभराचा सोबती!"

बोलून झाल्यावर त्यांनी चोच मिटली. पण उशीर झाला होता. अण्णाने आवंढा गिळला. तो सगळ्यांना ऐकू आला.

अण्णा काही न बोलता लांबच्या खडकावर जाऊन बसला. दरीकडे पाठ करून.

"न्हाई," तो म्हणाला.

"अण्णा!"

"न्हाई म्हनलं. मला आता ठावं झालंय. लाळ घशाखाली उतरंना. अर्ध्या वाटंवर काय हुईल, सांगता येत न्हाई. नियम हाय ना? एकानं न्हाई म्हनलं की न्हाई."

नियम बाईंचाच होता. त्यांना तो मोडवेना. त्या काठावर उभ्या राहून खाली बघत होत्या. दोरावरून त्या स्वतः उतरल्या असत्या, पण त्यांचं वजन पेलेल असा दोर जंगलात नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. कोल्हा आगाऊ होता, पण जीव तर होता. आणि अण्णावर रागवावं, तर अण्णाचं काय चुकलं होतं?

तेवढ्यात झिपरी खडकावर चढली. पाठीवरच्या काट्यांच्या जखमा अजून ओल्या होत्या, त्यामुळे तिरकी तिरकी चढली. अण्णाच्या कानाशी जाऊन म्हणाली, "अण्णा, टिटवीताईंना लांबचं दिसत नाही. तो मरतबिरत नाही. खरचटलंय नुसतं."



सिस्टर पुढे झाल्या. सिस्टर जन्मभर एकच खोटं बोलत आल्या होत्या, 'दुखणार नाही हं.' आज त्या दुसरं बोलल्या. "मी इथूनच बघितलं ना. पायही मोडलेला नाही. मुरगळलाय. शंभरी गाठेल मेला."

टिटवीताईंनी एकदा फलकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं, अण्णा. ऊन डोळ्यांवर आलं होतं. रक्त नव्हतंच ते."

"मग काय व्हतं?" अण्णाने मान न वळवता विचारलं.

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात दरीतून क्षीण आवाज आला.

"पानाची पिंक!"

प्रबोधरावांना खाली सगळं ऐकू येत होतं. पारदर्शकता होती ना! आणि माणूस कपारीत पडला की फार लवकर शिकतो. त्यांनी होता नव्हता तेवढा जीव एकवटला.

"मी ठणठणीत आहे, दगडूजी! मला काहीसुद्धा झालेलं नाही! सहज पडलोय!"

"मग वर या की चालत," अण्णा म्हणाला.

"कंटाळा आलाय!"

मुलांनो, अण्णा खुळा नव्हता. तीन वर्षं तो या आवाजांबरोबर उडत होता. तिघी खोटं बोलताहेत, हे त्याला पहिल्याच शब्दाला कळलं होतं. पण कावळा काळा की पांढरा यावरही ज्या तिघींचं कधी जमलं नाही, त्या आज त्याच्यासाठी एकमेकींच्या खोट्याला खोटं जोडत होत्या. अण्णाचा गळा दाटून आला. आणि गळा दाटला की लाळ सुटत नाही. हे त्यालाही नव्हतं माहीत.

तो उठला. "वजन किती?"

"एका कोल्ह्याएवढं," टिटवीताई घाईने म्हणाल्या, "म्हणजे... कुठल्यातरी कोल्ह्याएवढं!"

"वारा?"

"पडलाय!"

"दोर?"

"कोरडा!"

"मग बघत काय बसलाय? झोळी आना की, भवान्यांनो!"

अण्णाने सिस्टरांना आणि झिपरीला कपारीवर उतरवलं. सिस्टरांनी टोचलं, पाला दाबला, पाय काठीला बांधला. झिपरीने गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली. झोळी उचलली जाणार, तेवढ्यात प्रबोधरावांनी डोळे उघडले. वर बरोबर हातभरावर ती वाकडी चोच होती.

सिस्टर त्यांच्या कानात कुजबुजल्या. "बोलत राहा, साहेब. थांबू नका. थांबलात तर त्याला शंका येईल."

काय बोलायचं? प्रबोधरावांना पाठ असं एकच होतं.

"संघभावनेचे... सात पैलू आहेत," त्यांनी सुरुवात केली. "पैलू पहिला..."

दुसऱ्या पैलूला अण्णाच्या पोटातली भूक जरा मागे सरली. तिसऱ्याला पार मेली. चौथ्या पैलूला अण्णाने पंखांचा वेग वाढवला. इतकं जोरात तो आधी कधी उडाला नव्हता आणि नंतरही कधी उडाला नाही. सातवा पैलू सुरू व्हायच्या आत झोळी टेकडीवर होती.

बाईंनी दुपारपर्यंत टाके घातले. प्रबोधराव वाचले. अण्णाला पुढे दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण वही होती.

टिटवीताईंनी नियमाप्रमाणे सगळं लिहिलं होतं. वही दरबारात गेली. महाराजांनी वाचली. उडणाऱ्याने आधी नकार दिला होता. तिघींनी रुग्णाला काही झालेलं नाही, असं सांगितलं होतं. खुद्द रुग्णाने आपण ठणठणीत असून केवळ कंटाळा आल्याचं सांगितलं होतं. तरी त्याला उडवत आणलं होतं.

महाराजांनी प्रबोधरावांना बोलावलं. ते कुबडी टेकत आले.

"खरं सांग. तू मरत होतास का?"

प्रबोधराव विचारात पडले. 'हो' म्हणावं, तर मला माझ्याच फलकाने मारलं होतं आणि चौघांच्या खोटेपणाने वाचवलं, असं होणार. त्यांनी कुबडी जरा मागे लपवली.

"नाही, महाराज. किंचित खरचटलं होतं."

आता त्यांना सरावही झाला होता.

आठवड्याने टेकडीवर दोन कागद आले. पहिला सगळ्यांनी वाचावा म्हणून होता. उड्डाणाच्या संपूर्ण काळात न डगमगता पथकाला मार्गदर्शन करत राहिल्याबद्दल प्रबोधरावांना 'संघरत्न' ही पदवी देण्यात येत आहे. दुसरा कागद चौघांच्या नावाने होता. धडधाकट कोल्ह्यासाठी झोळी का वापरली, याची कारणे दाखवा.

चौघं लगेच भांडू लागले. टिटवीताईंनी लिहायलाच नको होतं, असं झिपरीचं म्हणणं. पिंकेचं खोटं कुणाला पटतं का, असं टिटवीताईंचं म्हणणं. अण्णा म्हणाला, मी न्हाई म्हनलंच व्हतं. शेवटी अस्वलीणबाईंनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच उत्तर लिहिलं.

'चूक झाली. यापुढे प्रबोधराव दरीत पडल्यास ते धडधाकट आहेत की नाहीत, याची दगडूअण्णांकडून समक्ष खात्री करून घेऊ.'

महाराजांना उत्तर पसंत पडलं. त्यांनी ते भर दरबारात मोठ्याने वाचून दाखवलं. ते ऐकून संघरत्न प्रबोधराव मटकन खाली बसले. असं म्हणतात, की त्या दिवसापासून ते अंगणाच्या पायरीवरूनसुद्धा कुणाचा तरी हात धरून उतरतात.

तात्पर्य : मुलांनी नेहमी खरे बोलावे. मोठेपणी दरीत पडण्याचा योग आलाच, तर मात्र वर काठावर तीन-चार खोटारडे असावेत आणि त्यांचे आपापसांत एकमत असावे.