गुलाबराव ग्रेडर आणि पंधरावं मिनिट

चालू लॅपटॉप मी एकदा कूलरसमोर ठेवला होता. वाळ्याच्या ताट्यांचा, तोंडावर पाण्याचे तुषार उडवणारा आपला वऱ्हाडातला कूलर. तेव्हा मी छप्पन वर्षांची होते आणि गेली तीस वर्षं सातवीच्या वर्गाला बाष्पीभवनाने थंडावा कसा येतो ते शिकवत होते. लॅपटॉप तापला होता, कूलर गार होता, सिद्धांत स्वच्छ होता. लॅपटॉपने सात मिनिटांत जीव सोडला.

गुलाबराव ग्रेडरचं ऐकलं असतं तर हे टळलं असतं. पण मी विज्ञानाच्या बाई. कापूस चिवडण्यात जन्म गेलेल्या माणसाचं मी कशाला ऐकते?

गुलाबराव दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बैलगाडी पुढ्यात आली की बाही वर सारायची, वरचा पांढराशुभ्र कापूस बाजूला करायचा आणि हात खांद्यापर्यंत आत घालून तळाची मूठ उपसायची. दोन अंगठ्यांत धागा ओढून लांबी बघायची, सरकी दाताखाली फोडून ओल बघायची आणि एका शब्दात प्रत सांगायची. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. केंद्र आधी उशिरा उघडू लागलं, नंतर उघडेनासंच झालं. गुलाबराव निवृत्त होऊन एसटी स्टँडजवळ पुतण्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले.

म्हातारा वेळ घालवतोय, असं सगळ्यांना वाटलं. पण दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली, की गावातलं कोणी गेम खेळायला लॅपटॉप घेणार असेल तर तो आधी गुलाबरावांपुढे ठेवायचं. निकाल दोनच. "पेलते" किंवा "नाही पेलत".

पद्धत जुनीच होती. चकचकीत झाकणाकडे ते बघतही नसत. "वरचा थर सोड," असं म्हणून लॅपटॉप पालथा करत आणि खालची चिठ्ठी वाचत. मग विचारत, "ग्राफिक्सची चूल येगळी हाय का एकत्र कुटुंब?" ग्राफिक्स कार्ड स्वतंत्र नसलं की मान हलवत. "एकत्र कुटुंबात जड खेळ नाही चालत, बाप्पा. रॅम एक अन् खाणारे दहा."

एवढं झाल्यावर खेळ सुरू करायला लावत आणि मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवत. पाचव्या मिनिटाला लॅपटॉपवाला खूश होऊन म्हणे, "काका, पळून राह्यला न."

"पाच मिनिटं तं वरातीतली घोडीबी पळते. पंधरावं मिनिट येऊ दे."

तोवर कोणी बोलायचं नाही. गुलाबरावांचा तळहात लॅपटॉपच्या पोटाखाली, डोळे मिटलेले. शेवटी शर्टाच्या खिशातून कापसाचा पुंजका काढून गरम हवेच्या जाळीपुढे धरत. पुंजका जोरात फडफडला तर मशीनचा श्वास मोकळा. नुसता थरथरला तर आत कोंडलंय. पडद्यावर काय चाललंय हे त्यांनी कधी बघितल्याचं मला आठवत नाही. एकदा कीबोर्डचं निखळलेलं बटण मात्र त्यांनी दाताखाली धरलं होतं. सगळे बघताहेत म्हटल्यावर "सवय," एवढंच म्हणाले.

आता माझं शहाणपण. माझी नात सई पुण्याहून उन्हाळ्याची सुट्टी घालवायला यायची. तेव्हा ती दहा वर्षांची होती. आदल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी कंटाळून परत गेली होती. या खेपेला फोनवर तिने स्पष्ट विचारलं, "आजी, तुझ्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम चालेल का? चालला तर मी महिनाभर राहीन."

महिनाभर. मी लगेच कामाला लागले. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलाचा जुना लॅपटॉप बघितला. लालभडक झाकण, हातात घेतला तर चांगला वजनदार. जड म्हणजे दमदार, असं मी ठरवलं. तरी शिक्का मारून घ्यावा म्हणून गुलाबरावांकडे नेला आणि दहा वर्षांच्या नातीसाठी हवाय, असं सांगितलं. त्यांनी पालथा केला, घड्याळ मांडलं, पुंजका धरला. पुंजका जागचा हलला नाही.

"बाई, वरचा थर चांगला हाय. नाही पेलत."

"अहो, ही काय कापसाची गाडी आहे?"

"नाही नं. गाडी राह्यली असती तं मी एवढ्या हळू नसतो बोललो."

मला राग आला. त्याच संध्याकाळी तो लाल लॅपटॉप मी घरी आणला.

सई आली. दहा मिनिटं गाड्या सुसाट पळाल्या. मग मोटारींच्या बैलगाड्या झाल्या. एक गाडी वळणावर अशी थांबली, की सई तेवढ्यात पाणी पिऊन आली तरी ती तिथेच. तिसऱ्या दिवशी मी कूलरचा तो प्रयोग केला. सईने रागावून काही म्हटलं नाही. आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात आईला फोन केला, "मला रविवारी घ्यायला ये." मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होती. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तो लाल लॅपटॉप पिशवीत घालून गुलाबरावांसमोर उभी राहिले. काय केलं ते सांगितलं. त्यांनी पुंजका जाळीत खुपसून बाहेर काढला. तो ओला होता. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होते, पण ते हसले नाहीत.

"पोरगी थांबून राह्यली का जाऊन राह्यली?"

"रविवारी जाते."

ते उठले. दुकानामागेच त्यांचं घर होतं. आतून उशीच्या खोळीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. खोळीतून लॅपटॉप निघाला. काळा, जाडजूड, कीबोर्डवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. त्यांनी तो स्वतःच पालथा करून मला दाखवला. ग्राफिक्सची चूल वेगळी होती.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

गुलाबरावांनी खोळीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आमच्या नातवासाठी घेतलता, बाई. तो म्हने, आबा, गेम चालला तं येतो. मले त्यातलं काय समजत होतं? म्हून या खुर्चीवर बसलो, शिकलो, धा लॅपटॉप सोडले अन् मंग हा घेतला. पेलते, एक नंबर पेलते. पण मले शिकाले तीन वर्षं लागले, अन् तोवर पोरगं मोठं झालं. आता खेळत नाही म्हंते. तुमची धा वर्षाचीच हाय नं? मंग न्या. बसून नोका राहू, लवकर न्या."