मी सांगितलं म्हणून सांगू नका

पाठकनानांना तुम्ही नुसती वेळ विचारली तरी ते आधी मागं वळून बघतात. मागं कोणी नाही याची खात्री झाली की आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "सव्वादहा. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते वर राहतात, मी खाली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लांब दिलेली, ती दिवाळीला फोन करते. मी धनगराची पोर, चौथीपर्यंत शिकले, नंतर मेंढरांमागं हिंडले. नानांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या आणि कचेऱ्या. ते मला कौसाबाई म्हणतात. आमचं फारसं पटत नाही, पण जिना एकच आहे.

नाना व्यापार-उद्योगाच्या सरकारी कचेरीत होते. तिथं काय काम करायचे, हे बिल्डिंगमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. ते सांगताना इतक्या वेळा मागं बघायचे की ऐकणाऱ्याचीच मान दुखायची. 'धोरण' एवढा एकच शब्द कानावर पडायचा. पुढं एकदा त्यांच्या कचेरीतला जुना शिपाई भेटायला आला. नाना घरी नव्हते, म्हणून मी त्याला चहा दिला, तेव्हा कळलं. नाना आवक-जावकला होते. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या टपालावर शिक्का मारायचा. सरकारचं सगळं धोरण जन्मभर त्यांच्या हाताखालून गेलं, पण पाकिटात आणि चिकटवलेलं.

तरी नानांचं "आतून कळलंय" काही थांबलं नाही. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे देवालाही सांगता येत नाही. नाना सांगायचे. "कौसाबाई, उद्या पाणी. आतून कळलंय." बिल्डिंगमधल्या बायका ड्रम घासून ठेवायच्या. पाणी यायचं नाही. "वरून फिरवलं," नाना म्हणायचे. एखादे वेळी यायचंही, कारण कधीतरी ते येतंच. त्या दिवशी नाना कठड्याला टेकून आमच्याकडं असे बघायचे, जणू पाइप त्यांनीच टाकलाय.

मी तोंडावर बोलते. खोटं मला जमत नाही, त्यामुळे पाहुण्यांत मला कोणी बोलावत नाही. मी म्हणायचे, "नाना, तुम्हाला काही कळत नाही."

ते हसायचे. "तुम्हाला तसंच वाटलं पाहिजे, कौसाबाई."

अशा माणसाला एक दिवस खरंच आतून काहीतरी कळलं. त्यांच्या हाताखाली कधी काळी उमेदवारी केलेला एक जण आता साहेब झाला होता. त्यानं फोन केला. शेतमालाच्या निर्यातीचं धोरण कसं असावं, यावर सल्ला द्यायला सरकार समिती नेमतंय, तुमच्या ओळखीत योग्य माणसं असतील तर नावं सुचवा. साहेबानं असे फोन पन्नास जणांना केले असतील. नाना मात्र भर उन्हाळ्यात कोट घालून खाली आले.

"एक शेतकरी, एक व्यापारी, एक वाहतूकदार आणि एक ग्राहक," ते म्हणाले. "तुम्ही ग्राहक."

"मी कशाची ग्राहक?"

"कांदा घेता ना?"

"घेते."

"महाग झाला की काय करता?"

"शिव्या देते."

"कोणाला?"

"जो समोर असंल त्याला."

"अनुभव आहे," नाना म्हणाले आणि माझी निवड झाली.

बाकीच्यांच्या मुलाखती त्यांच्या पुढच्या खोलीत झाल्या. टेबलावर धुतलेली चादर, पाण्याचा पेला आणि कुठल्या तरी हॉटेलातून आणलेली टेबलावरची घंटी. नाना घंटी वाजवायचे आणि स्वतःच उठून दार उघडायचे. मी सदस्य म्हणून बाजूला बसायचे. फर्दापूरहून एक दुकानदार आला. लेण्यांपाशी दगडी हत्ती विकायचा. त्याला हत्ती परदेशी पाठवायचे होते. हत्ती शेतमालात मोडत नाही, असं नानांनी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी तो एक हत्ती टेबलावर ठेवून गेला.

मागच्या गल्लीतल्या सलीमभाईचा टेम्पो आहे. त्याला नानांनी विचारलं, "निर्यात धोरणाबद्दल तुमचं मत?"

"नाना, रस्ते में खड्डे लई हैं. पहले वो भरो, फिर क्या भेजना वो भेजो," सलीमभाई म्हणाला. "और मीटिंग में नाश्ता रहता क्या?"

त्याची निवड झाली. शेतकरी म्हणून माझ्या भावाचा पोरगा घेतला, कारण तो मुलाखतीला आलाच नाही. कपाशीचं रान तयार करतोय म्हणाला. नाना खूश. "हा खरा शेतकरी."

राहिला व्यापारी. शहरातले चांगले चांगले व्यापारी येऊन गेले. एक हसला म्हणून नापास, एकानं अत्तर लावलं होतं म्हणून नापास, एकानं यात मिळतं काय असं विचारलं म्हणून नापास. मला तिथं बसून बसून पाठीला कळ लागली.

"नाना, कोणालाच घ्यायचं नसंल तर घंटी कशाला वाजवता?"

त्यांनी पहिल्यांदाच मागं न बघता सांगितलं. "योग्य माणूस वैजापूरला आहे. कांद्याची आडत आहे त्याची. दत्ता."

दत्ता म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. शाळेत लक्ष नव्हतं, म्हणून मार्केट यार्डात शिरला. पाठकांचा पोरगा कांद्यात गेला म्हणून तेव्हा गाव हसलं होतं. काही वर्षांपासून दोघांचं बोलणं बंद होतं एवढं मला ठाऊक होतं.

"मग फोन करा त्याला."

"सरकारी कामात नातं आणता येत नाही." मग टेबलावरचा हत्ती उगाच इकडचा तिकडं ठेवत म्हणाले, "तुमचं माहेर तिकडंच ना?"

भाचीच्या लेकराचं बारसं होतंच. मी वैजापूरला गेले आणि दुपारी कांद्याच्या मार्केटात शिरले. पाठकांचा गाळा कोणता, म्हणून एका हमालाला विचारलं. त्यानं बोट दाखवलं. पाटी दुसऱ्याच नावाची होती. आत गादीवर शेठ बसला होता आणि गादीच्या कडेला एक पिकल्या केसांचा माणूस शेठच्या पावत्या लिहीत होता. नाक नानांचंच.

बाहेर चहाच्या टपरीवर तो बोलला. "गाळा कवाच गेला, आक्का. आता मी दिवाणजी. दादाला सांगू नका."

"का भांडलात?"

"त्या साली माझ्या साठवणीच्या चाळी भरून कांदा होता. दादाला फोन केला. म्हणलं, धरू का सोडू? जन्मभर त्यालाच विचारत आलो. तो म्हणला, धर, आतून कळलंय, भाव चढणार. म्या धरला. अन एका सकाळी सरकारनं निर्यात बंद केली. बाहेर जायचा माल गावातच आला, भाव पडला, कोणी उचलंना. चाळीतून पाणी गळाया लागलं कांद्याचं." त्यानं कप खाली ठेवला. "एवढा आतला माणूस, त्याला ठाऊक नसंल व्हय? वडिलांची गावातली जागा माझ्याकडं राहिली, त्याचा राग काढला त्यानं. ठरवून बुडवलं मला."

तुझा भाऊ नुसते शिक्के मारायचा, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी समितीचं तेवढं सांगितलं.

"त्याच्या घराची पायरी चढणार नाय मी."

"घर नाय, समिती आहे. मीबी हाय तिच्यात."

त्यानं टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले. "सरकारी असंल तर येतो. सरकारला दोन शब्द ऐकवायचेत मला."

परत आल्यावर मी नानांना जिन्यातच गाठलं. गाळ्याचं बोलले नाही. बाकी सगळं सांगितलं. नाना पायरीवर बसले.

"ठरवून? असं म्हणाला?"

"व्हय. येईल तेव्हा सांगून टाका. म्हणावं, मला काही ठाऊक नव्हतं, नुसती फेकली होती."

"ते कसं सांगू, कौसाबाई? माझा दादा सरकारात आहे, असं तो आख्ख्या वैजापुरात सांगत हिंडायचा."

"मग पापी म्हणून घ्या."

"पापी परवडलं," नाना म्हणाले.

दत्ता आला त्या दिवशी नानांनी चादर बदलली होती. मी होते, सलीमभाई होता. घंटी वाजली. दार उघडायला नाना उठले आणि परत खुर्चीत बसले, म्हणून मीच उघडलं. दत्तानं भावाकडं बघितलं नाही. खुर्चीवर बसला.

"अर्जदाराचं नाव?" नानांनी विचारलं.

"दत्तात्रय पाठक."

"वडिलांचं नाव?"

"तुझ्या बापाचं जे, तेच."

सलीमभाई हसला. मी त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला.

"सध्या उलाढाल कशी आहे?"

दत्तानं माझ्याकडं एक नजर टाकली. "चाललंय."

"धंद्यात मोठं नुकसान..." एवढं म्हणून नाना अडकले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"थांब," दत्ता म्हणाला. "आता मी विचारतो. निर्यात बंद व्हणार हे तुला ठाऊक होतं का नव्हतं?"

नानांनी सवयीनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती आणि तिच्यावर त्यांच्या आईचा फोटो. मग तोंड न वळवताच म्हणाले, "मला काही ठाऊक नव्हतं, दत्ता. कधीच काही ठाऊक नसायचं. मी आवक-जावकला होतो. पाकिटांवर शिक्के मारायचो. मला कोणी आत बसूसुद्धा दिलं नाही कधी."

मला वाटलं, आता दत्ता रडेल, नाही तर शिव्या देईल, नाही तर मिठी मारेल. माणसं असंच काहीतरी करतात. त्यानं काहीच केलं नाही. तो पाकिटं मोजल्यासारखा भावाच्या पाठीकडं बघत होता.

"मग मी आजवर कोणाच्या भरवशावर धंदा केला?" तो म्हणाला.

दत्तानं चपला घातल्या आणि गेला. त्याच्यासाठी केलेला चहा सलीमभाईनं प्यायला.

"नाना," निघताना दारात थांबून सलीमभाई हळूच म्हणाला, "मेरा सिलेक्शन पक्का ना?"

नानांनी नावं पाठवली. व्यापारी म्हणून दत्ताचं पाठवलं. पुढं समिती जाहीर झाली. आमच्यातलं कोणी नव्हतं. मोठमोठी माणसं होती, त्यांनी कांदा कधी निवडला असेल असं वाटलं नाही. सलीमभाईनं नानांना गाठून विचारलं. पूर्वीचे नाना असते तर "वरून फिरवलं" म्हणाले असते. "आपल्याला कोण विचारतंय," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

तेव्हापासून त्यांचं "आतून कळलंय" बंद झालं. पाण्याचं विचारलं तर "येईल तेव्हा येईल." वेळ विचारली तर घड्याळात बघून वेळ सांगायचे, तीसुद्धा मोठ्या आवाजात, कोणालाही ऐकू जाईल अशी. बायका ड्रम घासायच्या बंद झाल्या आणि एकदा पाणी आलं ते तसंच वाहून गेलं. कोट पुन्हा अंगावर दिसला नाही. त्यांची जेवणाची ताटली कधी कधी दोन-दोन दिवस मोरीत तशीच पडून असायची. मी वर जाऊन ओरडायचे. ते ऐकून घ्यायचे. ऐकून घेणारा माणूस वाईट. भांडणारा बरा.

मग पावसाळा सरता सरता, एका दुपारी मी जिना झाडत होते. नानांना हल्ली कमी ऐकू येतं, फोनचा आवाज मोठा करून ठेवतात. तो जिन्यात येतो.

"दादा," फोनमधून दत्ता म्हणाला, "धरू का सोडू?"

माझा झाडू हातातच राहिला.

"मला ठाऊक नाही रे," नाना म्हणाले.

"ते कळलंय मला. तरी?"

"मी तुझ्या जागी असतो तर... सोडला असता."

"बरं. सोडतो." फोन ठेवल्याचा आवाज आला.

आता मार्केटच्या दिवशी दुपारी तो फोन येतोच. तेवढंच बोलणं. जेवलास का नाही, तब्येत कशी नाही, ये नाही, येतो नाही. धरू का सोडू. नाना सकाळपासून पेपर घेऊन बसतात, कुठं किती आवक, काय भाव, सगळं चष्म्याखालून घालतात. मार्केटच्या दिवशी दाढी करतात. कधी धर म्हणतात, कधी सोड म्हणतात आणि मग रात्रभर आपलं चुकलं तर नसेल म्हणून तळमळतात. मला येऊन सांगतात, "इतकं होऊनसुद्धा मलाच विचारतो, कौसाबाई."

"मोठे भाऊ आहात," मी म्हणते.

परवा जिन्यात थांबले. खोल गेलेले डोळे, हातात पेपर. म्हणाले, "तुम्ही बघून आलात ना त्याचा गाळा? मी सांगतो त्यावर त्याचं सगळं आहे. माल बराच असेल त्याच्याकडे?"

गादीच्या कडेला बसून दुसऱ्याच्या पावत्या लिहिणारा तो माणूस मला दिसला.

मी मागं वळून बघितलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"लई आहे," मी म्हणाले. "पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."