वानखेडे काकांचा कान

माझ्या साखरपुड्याच्या दिवशी माझ्या वडिलांचे जुने स्नेही वानखेडे काका यांनी पिशवीतून हातोडी काढली आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या बैठकीची भिंत ठोकून पाहिली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग कान लावून मधोमध. पाहुणेमंडळी हातातला चिवडा हातातच धरून बघत राहिली. काकांनी हातोडी पुन्हा पिशवीत ठेवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "टन्न आहे घर. पोट्टी पण चांगली दिसून राहिली. करून टाका." सासरे अजून हा किस्सा सांगतात, आणि पोरीच्या आधी भिंत पसंत पडली याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

काकांची सगळी नोकरी रायपूर स्टेशनात गेली. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं, आणि नुसत्या आवाजावरून कोणत्या चाकाला तडा गेलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. काका निवृत्त झाले, त्यांचा हात काही झाला नाही. टरबूज, माठ, नारळ ठोकून घेणारे पुष्कळ असतात, पण काका देवळाचा खांबही ठोकायचे आणि डॉक्टरचं टेबलही. माझा पाय मोडला होता तेव्हा भेटायला आले, प्लास्टरवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "भद्द वाजून राहिलं. डॉक्टरनं कापूस जास्त भरला."

जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, टन्न आणि भद्द. घरं, भांडी, पुढारी, जावई, सगळे त्यात बसायचे. "लोखंड खोटं बोलत नाही बे," ते म्हणायचे, "माणसाले मात्र दोनदा ठोकून पाहा लागते."

आता माझ्याबद्दल सांगतो, आणि सांगायला लाज वाटते. मी इंजिनियर. कुणी जुनं घर विकत घ्यायला निघालं की कर्ज देण्याआधी बँक मला ते तपासायला पाठवते. भिंती कशा आहेत, छत कसं आहे, घर अजून किती वर्षं तग धरेल, ते मी लिहून द्यायचं. रायपूरच्या जुन्या ब्राह्मणपाऱ्यात अशी घरं पुष्कळ. पण बँकेचा माणूस म्हटलं की घरमालक बैठकीच्या पुढे जाऊ देत नाहीत. काका सोबत असले की "आइए बाबूजी" करत देवघरापर्यंत सगळी दारं उघडायची. म्हणून मी दर रविवारी काकांना घेऊन जायला लागलो.

पुढे पुढे माझी मजा झाली. माळ्यावर चढणं नको, कोळिष्टकं नकोत. काका शिडीवर, मी खाली वही घेऊन. काका ठोकायचे, टन्न की भद्द ते सांगायचे, मी त्याचं इंग्रजी करून लिहायचो आणि खाली माझी सही ठोकायचो. नंतर दोघं मिळून पोहे-जिलेबी खायचो. वरून मी लोकांना सांगत फिरायचो की म्हाताऱ्या माणसाला जरा विरंगुळा देतो.

त्यांचं ऐकणं कमी झालंय हे मला कळत नव्हतं असं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारायचे. त्यांच्या घरचा टीव्ही गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. ठोकून झालं की हल्ली ते वळून माझ्याकडे बघतात, हेही मी पाहिलं होतं. पण रविवारची सकाळ, मस्त गार हवा, कोण शिडी चढणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प राहिलो.

मग दुबेजींचं घर आलं. ते विकत घ्यायला गुढियारीचे साहू नवरा-बायको निघाले होते. रेल्वेच्या मालधक्क्यामागे दोन खोल्यांत सगळा जन्म काढलेली माणसं, आणि आता म्हाताऱ्या आईला घेऊन या घरात राहायचं म्हणून हरखलेली. घर होतंच तसं. चुन्याचा गुळगुळीत गिलावा, लाल कोबा, ओतीव लोखंडाचे कठडे, आणि दारांवर रंगीत काचा. सकाळचं ऊन त्यातून आत येऊन जमिनीवर हिरवं-तांबडं पडलं होतं. साहूंची बायको त्या उजेडात पाय ठेवून बघत होती. मीही वही बाजूला ठेवून तेच बघत उभा राहिलो. काकांनी वरची सागवानी तुळई ठोकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टन्न आहे. लिही."

मी लिहिलं.

रजिस्ट्रीच्या आदल्या आठवड्यात साहूंनी आपला सुतार नेला. त्यानं तुळईला स्क्रू-ड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. आतून नुसता भुसा. वाळवीनं वरचं कवच तेवढं ठेवलं होतं. साहूंचा फोन आला. एकट्यानं जायची छाती होईना, म्हणून मी काकांना न सांगता-सवरता गाडीवर बसवून घेऊन गेलो.

बैठकीत सगळे होते. साहू, त्यांची बायको, आई, सुतार, दुबेजी आणि त्यांचे दोन मुलगे. साहू भला माणूस. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "इंजिनियर साहब, आपने ठोककर देखा था न?"

मी म्हणालो, "मैंने नहीं, इन्होंने देखा था। इनको तो सुनाई ही नहीं देता। बुज़ुर्ग आदमी हैं, शौक़ से साथ आ जाते हैं।"

हे मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. ज्या माणसाच्या कानावर मी इतकी वर्षं सही करत आलो, त्याला चारचौघांत असं उघडं पाडताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

काकांना शब्द ऐकू आले नसतील. पण सात माणसं एकदम आपल्याकडे वळली, हे बहिऱ्यालाही दिसतं. त्यांनी खाली पडलेला भुसा पाहिला, वर तुळई पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. साहूंसमोर हात जोडून म्हणाले, "गलती मेरी है बेटा। साहब ने तो दो बार पूछा था, मैं ही टन्न बोल दिया।"

मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढे रिपोर्ट मी दुरुस्त केला, दुबेजींनी तुळया बदलून द्यायचं कबूल केलं, साहूंनी घर घेतलं. सगळ्यांचं निभावलं. मी मात्र तीन रविवार काकांच्या गल्लीत फिरकलो नाही. घरी बायकोनं विचारलं तर सांगितलं, काकांची तब्येत बरी नाही.

चौथ्या रविवारी एक घर बघायला निघालो होतो. मोठ्या रस्त्यावर मांडव घातलेला, म्हणून नाइलाजानं त्यांच्या गल्लीतून गाडी घातली. काका ओट्यावर बसले होते. अंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. त्यांची सून दारात रांगोळी काढत होती. घरात आता मराठी फक्त काकाच बोलतात, बाकी सगळी हिंदी. ती म्हणाली, "भैया, आप तो आना ही छोड़ दिए। बाबूजी हर इतवार छह बजे से यहीं बैठ जाते हैं। बोलते हैं, अंदर रहूँगा तो उसकी आवाज़ सुनाई नहीं देगी, वो लौट जाएगा।"

"कब से?" मी विचारलं.

"दो साल तो हो गए होंगे।"

मी गाडी लावली आणि काकांच्या शेजारी बसलो. काकाच बोलले, नेहमीसारखे, जरा मोठ्यानं.

"मले ऐकू येत नाही, हे मले माहीत होतं बे. मी ठोकत होतो आन् तुह्या तोंडाकडे पाहत होतो. तू खूश दिसला की टन्न. तोंड पाडलं की भद्द. म्हटलं, तू इंजिनियर आहे, तुले तर ऐकू येतच असन."

म्हणजे दोन वर्षं मी त्यांच्या कानावर विसंबून होतो आणि ते माझ्या चेहऱ्यावर. घराचं कुणीच ऐकत नव्हतं. मी हातानं खूण केली, मग यायचे कशाला?

"तू बोलावत होता ना," काका म्हणाले. "दुसरं कोण बोलावते मले?" मग धोतराचा सोगा सावरत उठले. "आज कोणतं घर आहे? आज तूच ठोक. मी नुसता बसतो तिथं."

"हव," मी मान हलवली.

ते मागे बसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. गल्लीतून बाहेर पडून आम्ही मांडवाच्या पलीकडे मोठ्या रस्त्याला लागलो. रिक्षा, टेम्पो, मांडवातला भोंगा, सगळा कल्लोळ. तिथे मी म्हणालो, "काका, माफ करा. माझं चुकलं."

समोर बघत म्हणालो, हेल्मेटच्या आत. गाडी बाजूला घेऊन, त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं असतं तर त्यांना नक्की कळलं असतं. मी गाडी थांबवली नाही.