घोडा आत होताच

नगरपालिकेची समिती सकाळी दहाला यायची होती आणि सात वाजता नाट्यघराच्या कार्यवाहांच्या लक्षात आलं, की आपला आवाज गेला आहे. बायकोकडे चहा मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर आतून तेल न घातलेल्या बिजागरीसारखी करकर बाहेर आली. बायकोने दचकून आधी दाराकडेच पाहिलं.

गेले चार दिवस ते गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभे राहून भाषण घोकत होते, त्याचं हे फळ. भाषण 'ऐनवेळ' नाट्यघराच्या इतिहासाचं होतं. हे नाट्यघर त्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी काढलं. इथे लिहिलेलं नाटक नाही, पाठांतर नाही. प्रेक्षकांनी एक शब्द द्यायचा आणि नटांनी त्यावर जागच्या जागी नाटक उभं करायचं. शनिवारी लोकांना हसवायचं आणि रविवारी सगळं विसरून जायचं. असल्या कारभाराचा पुरावा मागे काय डोंबल राहणार? आणि आज नेमका इतिहासच हवा होता. नगरपालिकेला ती इमारत पाडून गाड्या उभ्या करायला जागा करायची होती. वास्तूला काही इतिहास आहे असं समितीला पटलं, तरच नाट्यघर वाचणार होतं.

कार्यवाहांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेलेली. सासुरवाडीत मोजूनमापून खरं बोलणारे ते एकटेच, म्हणून बोलण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"अहो, घाबरता काय? मी आहे, दादा आहे, धाकटी आहे," बायको म्हणाली. "आम्ही बोलू. तुम्ही नुसते उभे राहा."

कार्यवाहांनी घाईघाईने भाषणाचे कागद तिच्यापुढे धरले.

"कागद? स्टेजवर? अप्पा मला घरात घेतील का?"

कार्यवाहांनी कागद खिशात घातले. ही तिन्ही भावंडं अप्पांच्या हाताखाली तयार झालेली, आणि अप्पांचा नियम एकच: स्टेजवर समोरचा म्हणेल ते खरं. त्याला नाही म्हणायचं नाही, 'हो, आणि' म्हणून त्यात भर घालायची. नाही म्हणणाऱ्याने खेळ मोडला. घरातही हे लोक तसेच वागत. लग्नाच्या बोलणीत मेहुण्याने उगाच थाप मारली होती, की आमच्या बहिणीला पोहता येतं. त्यावर हिने भर घातली, की ती पोहायला शिकवतेसुद्धा. कार्यवाह हौसेने तिला तलावावर घेऊन गेले तेव्हा दोघांनाही बाहेर काढावं लागलं होतं.

दहाला समिती आली. पुढे अध्यक्षबाई, करड्या चेहऱ्याच्या; मागे एक वयस्कर सदस्य आणि शेवटी लेखनिक. मेहुणा, बायको आणि मेहुणी स्टेजवर ओळीत उभे राहिले. कार्यवाह भिंतीशी उभे होते.

"नाट्यघराच्या आधी इथे काय होतं?" बाईंनी विचारलं.

उत्तर सोपं होतं. इथे टायरचं दुकान होतं. कार्यवाहांच्या भाषणाचं पहिलंच वाक्य ते होतं. पण मेहुण्याला प्रश्न विचारला, की त्याच्या तोंडातून जे पहिलं निघेल ते निघतं.

"तबेला!" तो म्हणाला.

कार्यवाहांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी बायकोकडे पाहून जोरजोरात मान हलवली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"हो, आणि आम्ही जागा घेतली तेव्हा घोडा आत होताच," ती म्हणाली.

"काय सांगता!" सदस्य पुढे सरकले. "मग?"

"मग काय, त्याला बाहेर कोण काढणार? जागेचा जुना मानकरी तो," मेहुणी म्हणाली. "पहिला प्रयोग त्याच्यासमोरच झाला. दादा स्टेजवर गोंधळला, पुढचं सुचेना, आणि घोडा खिंकाळला. लोक असे हसले म्हणता! तेव्हापासून आमचं ठरलं, जे समोर येईल ते नाटकात घ्यायचं."

"नाव काय होतं घोड्याचं?" लेखनिकाने विचारलं.

"साहेब!" तिघं एकदम म्हणाली. आधी न ठरवता हे त्यांना कसं जमलं, ते कार्यवाहांना कळेना. त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला. नुसती करकर झाली.

"भावजींना फार लळा होता हो त्याचा," मेहुणी हळूच म्हणाली. "अजून विषय निघाला की त्यांचा गळा दाटतो."

सदस्यांनी कार्यवाहांच्या खांद्यावर सहानुभूतीने थोपटलं. "बांधायचे कुठे त्याला?"

"ही काय कडी!" मेहुण्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

 ती कडी कार्यवाहांनी स्वतः गेल्या वर्षी पडद्याच्या दोरीसाठी बसवली होती आणि तिच्यावरचं हार्डवेअरच्या दुकानाचं लेबल अजून निघालं नव्हतं. लेखनिक फोटो काढायला वळला. आणि मग कार्यवाहांनी असं काही केलं, की त्यांना स्वतःलाच धक्का बसला. ते दोन पावलं सरकले आणि पाठीने लेबल झाकून उभे राहिले.

इतक्यात काठी टेकत अप्पा आत आले. कार्यवाहांच्या जिवात जीव आला. सगळ्यांत वडील माणूस, नाट्यघराचे संस्थापक! हे तरी गाडी रुळावर आणतील.

"अप्पा, या मंडळींना घोड्याचं सांगत होतो," मेहुणा म्हणाला. "आपल्या तबेल्यातल्या."

 अप्पांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंडावरची देवीच्या लसीची खूण दाखवली.

"हा चावला, बघा," ते म्हणाले. "पण मनाने फार चांगला होता."

सदस्यांनी खूण नीट पाहिली आणि नकळत स्वतःचा दंड चाचपला.

 आता अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"मी याच गल्लीत वाढले," त्या शांतपणे म्हणाल्या. "इथे माझ्या वडिलांचं टायरचं दुकान होतं."

  लेखनिकाचं पेन हवेतच थांबलं. अप्पांची बाही वरच राहिली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्टेजकडे असं पाहिलं, की जणू तिथे आत्ताच गाड्या येऊन उभ्या राहिल्या आहेत. कार्यवाहांना ते बघवेना. त्यांचं वर्षानुवर्षांचं वैतागणं, चिडणं, सगळं त्या क्षणी गळून पडलं. हे घर गेलं तर ही माणसं जगणार कशी?

माफी तरी मागावी म्हणून ते पुढे झाले. 'हो, आणि आमचं चुकलं,' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी सगळा जीव गळ्यात आणला.

"हो, आणि..." एवढं बाहेर पडलं. पुढे आवाज साफ गेला.

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. ते ओठ हलवत होते, हात हलवत होते, शब्द काही येत नव्हता. अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"आणि," त्या सावकाश म्हणाल्या, "घोडा आमच्या टायरांवर अंग घासायचा, म्हणून बाबा रोज त्याच्या नावाने शंख करायचे."

अप्पांनी डोळे बारीक केले. "तू... टायरमध्ये बसून गडगडत यायचीस ती?"

"तीच. माळ्यावरून तुमचे सगळे प्रयोग फुकट बघितलेत मी." बाई पहिल्यांदा हसल्या. "मी लाख सही करीन हो, पण पालिकेच्या नियमात टायरचं दुकान इतिहास म्हणून बसत नाही. तबेला बसतो. तुम्ही खरं सांगितलं असतं ना, तर सोमवारी इमारत पाडायला घेतली असती."

कार्यवाहांनी खिशातलं भाषण चाचपलं.  आवाज शाबूत असता तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने सासऱ्यांचं नाट्यघर जमीनदोस्त केलं असतं.

"एवढं एकच राहिलं," लेखनिक पेन सरसावून म्हणाला. "घोड्याचा रंग?"

मेहुण्याने तोंड उघडलं, पण लेखनिक लळा असलेल्या माणसाकडेच वळला होता. कार्यवाहांनी एकदा सगळ्या मंडळींकडे पाहिलं. मग आपल्या अर्धवट पिकलेल्या डोक्यावर बोट ठेवलं, आणि शेपूट कुठवर पोचायचं तेही गुडघ्यापाशी हात नेऊन दाखवलं.

"चितकबरा," लेखनिकाने लिहून घेतलं. "शेपूट लांब."

आ वासायची पाळी आता बायकोची होती.